समुद्रातल्या पवनचक्क्या: वारा आहे, यंत्रं आहेत, मग घोडं अडतं कुठं?

खारा_वारा (धागाकर्ता)

सागरी पवनऊर्जेच्या बातम्या गेली काही वर्षं नेमाने वाचतोय. एका महिन्यात जगातला सगळ्यात मोठा प्रकल्प सुरू झाल्याचं कळतं आणि पुढच्याच महिन्यात जवळपास तेवढाच मोठा प्रकल्प गुंडाळल्याचं. वारा काही कमी झालेला नाही. यंत्रं तर डोळे दिपावेत इतकी मोठी झाली आहेत. १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीला जगातला पहिला सागरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा ११ टर्बाइन मिळून जेमतेम ५ मेगावॉट भरत होती. आज ब्रिटनच्या डॉगर बँकवर एकेक टर्बाइन १३ मेगावॉटचं आहे. अख्ख्या विंडेबीच्या अडीचपट वीज एकाच खांबावर! तरीही प्रकल्प कोसळतात.

माझं काम अशा प्रकल्पांना कर्ज देणाऱ्यांच्या वतीने हिशेब तपासण्याचं आहे. त्यामुळे मी पैशाच्या बाजूने लिहितो. समुद्रावर प्रत्यक्ष वावरलेल्यांनी आणि विजेच्या जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तिथे अडवावं.

मला वाटतं, खरी अडचण मधल्या वर्षांची आहे. विजेचा भाव बोली लावताना ठरतो. पोलाद, केबल, जहाजं यांचे पक्के करार त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी होतात. पहिलं युनिट हाती यायला आणखी दोन-तीन वर्षं. या काळात व्याजदर हलला, पोलाद महागलं, जहाजाचं भाडं चढलं की दिलेला शब्द पाळणं कठीण होऊन बसतं. वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो वर्षानुवर्षं थोडाथोडा होतो. इथे इंधन फुकट, पण जवळपास सगळा पैसा पहिलं पातं फिरायच्या आधी ओतावा लागतो, आणि त्यातला बराचसा कर्जाऊ. म्हणून व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तर वायूवाल्याला खरचटतं आणि पवनवाल्याचं हाड मोडतं.

ब्रिटनचा नॉरफोक बोरिअस घ्या. १.४ गिगावॉटचा प्रकल्प. जुलै २०२२ मध्ये मेगावॉट-तासाला ३७.३५ पौंड (२०१२ च्या किमतींनुसार) या भावाने बोली जिंकली. बरोबर एका वर्षाने, जुलै २०२३ मध्ये, प्रकल्पाची मालक कंपनी व्हॅटनफॉलने काम थांबवलं, कारण खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढला होता. त्याच सप्टेंबरात ब्रिटन सरकारच्या पुढच्या लिलाव फेरीचा निकाल लागला, तिच्यात कमाल भाव ४४ पौंड ठेवला होता. सागरी पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. एकही नाही! पुढच्या फेरीसाठी कमाल भाव ७३ पौंडांवर न्यावा लागला. दरम्यान अमेरिकेत ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने न्यू जर्सीजवळचे ओशन विंड १ आणि २ हे दोन्ही प्रकल्प सोडून दिले. अमेरिकेतल्या प्रकल्पांपायी त्या तिमाहीत त्यांनी २८.४ अब्ज डॅनिश क्रोनर बुडीत दाखवले.

हे सगळे लोक नवखे नाहीत. व्हॅटनफॉल आणि ऑर्स्टेड या क्षेत्रातल्या सगळ्यात अनुभवी कंपन्यांपैकी आहेत. म्हणूनच मला हे गंभीर वाटतं.

दर्याफिरस्ता

चांगला विषय काढलात. मी टर्बाइन उभारणाऱ्या आणि तंत्रज्ञांना ने-आण करणाऱ्या दोन्ही प्रकारच्या जहाजांवर काम केलं आहे. तुमच्या हिशेबात एक ओळ अशी असते जी कागदावर नेहमी कमी भरलेली असते: हवामानासाठी थांबण्याचे दिवस.

जिथे वारा सतत आणि जोराचा तिथेच टर्बाइन लावायचं, आणि पातं चढवायचं तर वारा पडायला हवा. शंभर मीटरहून लांब पातं क्रेनला लटकत असतं तेव्हा ते स्वतःच एक शीड असतं. साधारण सेकंदाला १०-१२ मीटरच्या वर वारा गेला की काम बंद. आणि नुसता त्या क्षणी वारा कमी असून चालत नाही. पूर्ण उचल, जुळवणी आणि बोल्ट आवळणं होईपर्यंत तो कमीच राहील असा अंदाज हाती असावा लागतो. अशी फट मिळेपर्यंत दिवसाला प्रचंड भाडं असलेलं जहाज नुसतं उभं असतं.

ही उभारणीची जहाजं पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकतात आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतात. ऐकायला सोपं वाटतं. पण तळ सगळीकडे सारखा नसतो. वर घट्ट वाळू आणि खाली मऊ चिखल असेल तर भार येताच पाय कवच फोडल्यासारखा एकदम आत जाऊ शकतो. म्हणून आधी प्रत्येक पायावर मुद्दाम जादा भार टाकून तो किती खचतो ते पाहतात. त्या वेळी जहाजावर कोणी मोठ्याने बोलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे टर्बाइनं जहाजांपेक्षा वेगाने वाढली. दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेल्या कित्येक जहाजांची क्रेन आजच्या टर्बाइनच्या माथ्यापर्यंत पोचतच नाही. नवं जहाज बांधायला तीन-चार वर्षं लागतात आणि तेवढ्यात टर्बाइन आणखी मोठं झालेलं असतं. अमेरिकेत आणखी एक अडथळा आहे, १९२० चा जोन्स कायदा. अमेरिकी बंदरातून अमेरिकी जागी माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं हवं. युरोपचं जहाज तिथे जाऊन टर्बाइन उभं करू शकतं, पण बंदरातून ते घेऊन येऊ शकत नाही. म्हणून व्हिनियार्ड विंड या अमेरिकी प्रकल्पाला सुटे भाग तराफ्यांवरून नेऊन उभ्या जहाजाला पोचवावे लागले. लाटांवर हलणाऱ्या तराफ्यावरून स्थिर जहाजाने पातं उचलायचं! जोन्स कायद्यात बसणारं पहिलं उभारणी जहाज टेक्ससमध्ये बांधलं गेलं, कॅरिब्डिस. ठरल्यापेक्षा उशिरा आणि ठरल्यापेक्षा महाग.

मुग्धा_क

वाचतेय. एक अगदी प्राथमिक प्रश्न. हे खांब समुद्रात उभे राहतात कसे? तळाला खड्डा खणून पुरतात का?

दर्याफिरस्ता

मुग्धाताई, प्रश्न प्राथमिक नाही, अर्धा खर्च तिथूनच ठरतो. सगळ्यात जास्त वापर मोनोपाइलचा. म्हणजे पोलादाची एकच जाडजूड नळी, आताच्या मोठ्या टर्बाइनसाठी १० मीटरच्या आसपास व्यासाची आणि दोन हजार टनांच्या घरातली. खड्डा खणत नाहीत. ती उभी धरून वरून हायड्रॉलिक हातोड्याने ठोकत तळात तीस-चाळीस मीटर घुसवतात. मध्ये मोठा दगड लागला तर पंचाईत. म्हणून आधी वर्ष-दोन वर्षं तळाची तपासणी चालते.

खोली वाढली की नळीऐवजी तीन किंवा चार पायांची जाळीदार चौकट वापरतात, तिला जॅकेट म्हणतात. स्कॉटलंडजवळच्या सीग्रीनला एक जॅकेट ५८.६ मीटर खोलीवर बसवलं, तळाला टेकवलेल्या पायांपैकी हा विक्रम होता. त्याच्या फार पलीकडे गेलं की तरंगत्या पायाशिवाय भागत नाही.

ठोकताना होणारा आवाज पाण्यात कित्येक किलोमीटर जातो. हार्बर पॉर्पॉइज नावाचे छोटे डॉल्फिनसारखे प्राणी ऐकूनच जगतात, त्यांचे कान कायमचे जाऊ शकतात. जर्मनीचा नियम असा की ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर आवाजाची मात्रा १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यासाठी मोनोपाइलभोवती तळावर भोकं पाडलेली नळी गोल अंथरतात आणि तिच्यातून दाबाने हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज बराच अडतो. मी ती वरून पाहिली आहे. राखाडी पाण्यात दूधट पांढरं कडं उमटतं आणि मधोमध हातोडा चालू असतो.

वीजवाट

पारेषणाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. खारा_वारा, तुमचं पैशाचं विश्लेषण पटलं, पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित अडचण केबलची. टर्बाइनचे फोटो सगळे काढतात. केबल गाडली की कोणी तिचं नाव काढत नाही, ती तुटेपर्यंत.

आधी तत्त्व सांगतो. जमिनीखालून किंवा समुद्रातून जाणारी केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक. आत तांबं किंवा अॅल्युमिनियम, भोवती इन्सुलेशन, बाहेर धातूचं आवरण. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो (५० पूर्ण आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ), तेव्हा दर वेळी ही केबल भरते आणि रिकामी होते. लांबी वाढत जाते तशी केबलची क्षमता या भरण्या-रिकामं होण्यातच खर्च होते, वीज वाहायला जागा उरत नाही. साधारण ८०-१०० किलोमीटरच्या पुढे ते परवडेनासं होतं. मग समुद्रातच मोठ्या फलाटावर वीज एकदिश करायची, किनाऱ्यावर आणायची आणि तिथे पुन्हा उलट फिरवायची. डॉगर बँक किनाऱ्यापासून १३० किलोमीटरहून दूर आहे, तिथे हाच मार्ग आहे. पण असा फलाट म्हणजे हजारो टनांची, कित्येक मजली इमारत. तिच्यातली यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्या दारात रांग आहे आणि ती वर्षांमध्ये मोजतात.

केबल वेळेवर नसली की काय होतं, याचा फटका जर्मनीने आधीच खाल्ला आहे. रिफगाट हा १०८ मेगावॉटचा प्रकल्प, ३० टर्बाइन, २०१३ च्या उन्हाळ्यात उभारून तयार. केबल मात्र तयार नव्हती, कारण तिच्या वाटेवर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा सापडत गेला आणि तो काढल्याशिवाय पुढे सरकता येईना. टर्बाइन नुसतं उभं ठेवलं तर खारी हवा आतल्या भागांना खाते. म्हणून कित्येक महिने त्या पवनचक्क्या डिझेल जाळून चालू ठेवाव्या लागल्या. २०१४ च्या सुरुवातीला केबल जोडली गेली.

खारा_वारा

रिफगाटचं माहीत होतं, पण दारूगोळ्यामुळे हे नव्हतं ठाऊक. उत्तर समुद्रात हा प्रश्न किती ठिकाणी येतो?

वीजवाट

उत्तर समुद्र आणि बाल्टिक दोन्हीकडे, जवळपास प्रत्येक मोठ्या प्रकल्पात. दोन महायुद्धांतले सुरुंग, विमानातून टाकलेले आणि न फुटलेले बॉम्ब, युद्धानंतर मुद्दाम बुडवलेला साठा. चुंबकीय मोजमाप करून एकेक संशयास्पद जागा शोधतात, बरेचदा शेकड्याने निघतात, आणि प्रत्येक ठिकाणी यंत्र पाठवून बघावं लागतं. बहुतेक वेळा जुना साखळदंड किंवा पिंप निघतं. पण न बघता पुढे जाता येत नाही.

केबल टाकून झाल्यावरही सुटका नाही. ती तळातून वर येऊन मोनोपाइलमध्ये शिरते तिथे तिच्यावर प्लॅस्टिकच्या कड्यांचं संरक्षक आवरण असतं. मोनोपाइलच्या पायाशी प्रवाह वाळू उकरून खड्डा पाडतो, तो पडू नये म्हणून तिथे दगड टाकतात. काही प्रकल्पांत हे आवरण लाटांबरोबर त्या दगडांवर घासत राहिलं, घासत राहिलं, आणि झिजून केबल उघडी पडायला लागली. २०२१ मध्ये ऑर्स्टेडने जाहीर केलं की त्यांच्या दहापर्यंत प्रकल्पांत ही अडचण असू शकते आणि दुरुस्तीला सुमारे ३ अब्ज क्रोनर लागतील. झीज सुरू झाली ती दगड आणि प्लॅस्टिक जिथे टेकतात त्या वीतभर जागेत. विमा कंपन्यांना विचारा, सागरी पवनऊर्जेतल्या दाव्यांचा सर्वात मोठा वाटा केबलचाच निघेल.

आणि वीज किनाऱ्यावर पोचली तरी काम संपत नाही. ९ ऑगस्ट २०१९, ब्रिटन. वाहिनीवर वीज कोसळली. ग्रिडवर असं नेहमी होतं, क्षणभर व्होल्टेज डगमगतं आणि सावरतं. पण हॉर्नसी १ या सागरी पवन प्रकल्पाची नियंत्रण प्रणाली त्या डगमगीला चुकीचा प्रतिसाद देत हेलकावे खायला लागली आणि क्षणात ७३७ मेगावॉट गायब झाले. जोडीला एक वायू केंद्रही बंद पडलं. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली, सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली आणि रेल्वेगाड्या मधेच अडकल्या. हॉर्नसीतला दोष सॉफ्टवेअर बदलून दुरुस्त झाला. जुन्या केंद्रांमध्ये शेकडो टनांचा फिरणारा रोटर धक्का पचवतो. इथे तेच काम इलेक्ट्रॉनिक्सने करायचं असतं, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवावं तेवढंच करतं.

अंकुश_रा

+१. पारेषणावर स्वतंत्र धागा काढा ही विनंती.

शिंपलावेचा

चर्चा छान चालली आहे, पण आतापर्यंत समुद्र म्हणजे जणू रिकामी जागा असं बोललं जातंय. समुद्रात आधीपासून लोक आहेत. मासेमारी करणाऱ्यांचं काय?

फ्रान्समधलं सां-ब्रियूक बघा. ४९६ मेगावॉट, ६२ टर्बाइन. २०१२ मध्ये प्रकल्प दिला गेला आणि पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. तिथल्या उपसागरात शिंपल्यांची मोठी मासेमारी चालते. मच्छीमार बोटी घेऊन कामाच्या जागेवर गेले, न्यायालयात गेले. तळावरून जाळं ओढणाऱ्या माणसाला दोन टर्बाइनमध्ये एक किलोमीटर अंतर आहे असं सांगून उपयोग नसतो. त्याचं जाळं मागे लांबवर पसरलेलं असतं, खाली केबल आहे, आणि भरतीने बोट ढकलली तर काय? नुकसानभरपाई मिळते, पण तीही मोठ्या बोटीच्या मालकाला. बोटीवर रोजंदारीने जाणाऱ्याला ती बहुतेक पोचत नाही.

मी विरोधात नाही. हवामान बदललं तर मासेही राहणार नाहीत हे मला कळतं. पण नकाशावर चौकोन आखताना हे लोक खोलीत नसतात आणि मग दहा वर्षं वाया जातात, हे मात्र तितकंच खरं आहे.

खारा_वारा

शिंपलावेचा, तुमचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. आर्थिक बाजूनेही तो मोठा आहे. अमेरिकेतला केप विंड २००१ मध्ये मांडला गेला आणि २०१७ मध्ये बंद झाला. सोळा वर्षं, आणि एकही टर्बाइन नाही. तिथे विरोध मुख्यतः किनाऱ्यावर घरं असलेल्या श्रीमंतांचा होता, मच्छीमारांसारखा पोटाचा प्रश्न नव्हता. त्यामुळे दोन्ही विरोध एका मापाने मोजू नयेत असं मला वाटतं.

लष्करही आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनने बाल्टिकमधले १३ प्रकल्प एका फटक्यात नाकारले, कारण टर्बाइनच्या जंगलामुळे रडारला क्षेपणास्त्रं वेळेवर दिसणार नाहीत असं लष्कराचं म्हणणं.

पाणपक्षी

पक्ष्यांबद्दल दोन ओळी, कारण इथे बरेचदा "पवनचक्क्या पक्षी मारतात" एवढंच लिहून लोक निघून जातात. हॉर्नसी ३ ला मंजुरी देताना अट होती की किटीवेक या समुद्रपक्ष्याच्या संभाव्य नुकसानीची भरपाई करायची. म्हणून ऑर्स्टेडने त्यांच्यासाठी कृत्रिम कडे बांधले, पाण्यातल्या खांबांवर, घरट्यांना बेताचे कठडे असलेले. आणि नेदरलँड्समध्ये मे २०२३ मध्ये स्थलांतराच्या रात्री किनाऱ्याजवळची टर्बाइनं काही तास मुद्दाम जवळपास थांबवली, पक्ष्यांच्या थव्यांचा अंदाज दोन दिवस आधी बांधून. ग्रिडवाल्यांना ते दोन दिवस लागतात, पर्यायी वीज शोधायला. मला हे फार मोलाचं वाटतं.

वीजवाट

छान माहिती. त्या दोन दिवसांचं कारण अगदी बरोबर.

चक्रधर_मे

यंत्राच्या बाजूने कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पात्यांच्या रचनेवर काम केलं आहे.

१३ जुलै २०२४ ला व्हिनियार्ड विंडच्या एका टर्बाइनचं १०७ मीटरचं पातं मोडलं. फायबरग्लास आणि फोमचे तुकडे नँटकेट बेटाच्या किनाऱ्यावर येऊन पडले, ऐन उन्हाळ्यात किनारे बंद करावे लागले. कारण निघालं कारखान्यातलं: चिकटवणी पुरेशी झालेली नव्हती, आणि तपासणीत ते पकडलं जायला हवं होतं ते सुटलं. मग त्या कारखान्यातली आधीच बसवलेली अनेक पाती उतरवावी लागली.

पात्याचे दोन अर्धे शिंपल्यासारखे एकमेकांवर बसवून आत चिकटवतात. जोड शंभर मीटर लांब. तो आतून डोळ्यांनी दिसत नाही. मुळाकडच्या भागात माणूस वाकून शिरू शकतो, टोकाकडे तेही नाही, तिथे अल्ट्रासाउंडवर भिस्त. मी अशा जोडावर प्रोब फिरवणाऱ्यांसोबत बसलो आहे. पडद्यावरची रेघ किंचित जाड दिसते, ते बुडबुडा आहे की गोंदाची जाडी बदलली आहे हे ओळखायला वर्षांचा सराव लागतो. आणि दर तीन-चार वर्षांनी पातं दहा-पंधरा मीटरने वाढलं की सराव झालेला माणूस पुन्हा नवखा होतो.

हा माझा मुख्य मुद्दा आहे. या क्षेत्राने आकार वाढवण्याची घाई केली. एका मॉडेलची पाच-सात वर्षं समुद्रात परीक्षा व्हावी, मग पुढचं काढावं, असं कधी झालं नाही. हे आजचंही नाही. २००४ मध्ये डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हवर ट्रान्सफॉर्मर खाऱ्या हवेत टिकेनात म्हणून ८० च्या ८० टर्बाइनचे माथे उतरवून किनाऱ्यावर आणावे लागले होते. तेव्हा टर्बाइन २ मेगावॉटचं होतं. आज १४-१५ मेगावॉटच्या बाबतीत असं झालं तर काय, याचा विचार करवत नाही.

खारा_वारा

चक्रधर, पण आकार वाढला म्हणूनच तर भाव उतरला ना? एक गिगावॉटसाठी कमी खांब, कमी केबल, कमी फेऱ्या.

चक्रधर_मे

उतरला, मान्य. पण तो फायदा कारखान्यांच्या हाती राहिला नाही. नवं मॉडेल म्हणजे नवे साचे, नवी इमारत, नवी चाचणी. जुन्या मॉडेलची किंमत वसूल व्हायच्या आत ते मोडीत. टर्बाइन बनवणाऱ्या युरोपीय कंपन्यांनी कित्येक वर्षं तोटा सोसला तो काही प्रमाणात यामुळेच.

वाऱ्याच्या अंदाजातही आपण थोडे भाबडे होतो. प्रत्येक टर्बाइन मागच्याला मिळणारा वारा मंद करतं, आणि पूर्ण प्रकल्प समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच थोडं अडवतो. ऑर्स्टेडने २०१९ मध्ये स्वतःच मान्य केलं की आपण हे परिणाम कमी धरले होते आणि उत्पादनाचा अंदाज खाली आणला. आता प्रकल्प इतके दाट झाले की शेजाऱ्याची सावली दहा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या प्रकल्पावर पडते. त्यावरून ब्रिटनमध्ये भांडणं सुरू आहेत.

मुग्धा_क

मग खोल समुद्रात, तरंगत्या पायांवर जाणं हा उपाय नाही का? जागाही भरपूर, वाराही जास्त, ठोकाठोकीही नको.

दर्याफिरस्ता

दिशा बरोबर आहे, पण अजून बाल्यावस्था आहे. हायविंड स्कॉटलंड हा तरंगता प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, ५ टर्बाइन, ३० मेगावॉट. त्याचा पाया म्हणजे पाण्यात उभी तरंगणारी बाटली समजा, तळाशी वजन भरलेली, सुमारे ८० मीटर पाण्याखाली. ती उभी जोडायला तेवढं खोल आणि शांत पाणी लागतं. नॉर्वेच्या फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खोल खाडीत, ते मिळालं. बाकी जगात असं बंदर शोधून दाखवा.

आणि दुरुस्ती? तळाला टेकणारं जहाज तिथे कामाचं नाही, खोली फार. तरंगत्या टर्बाइनवर तरंगत्या जहाजातून मोठा भाग बदलणं, दोन्ही हलत असताना, ते अजून नेहमीचं काम झालेलं नाही. म्हणून २०२४ मध्ये हायविंड स्कॉटलंडची पाचही टर्बाइनं नांगर आणि केबल सोडवून नॉर्वेला ओढत नेली, तिथे दुरुस्त केली, परत आणून जोडली. जमलं, ही मोठी गोष्ट. पण पाच टर्बाइनचं जमलं. शंभरांचं कसं करणार याचं उत्तर कोणाकडे नाही.

अंकुश_रा

चीनबद्दल कोणीच बोललं नाही. २०२४ अखेर जगात सागरी पवनऊर्जा ८३ गिगावॉटच्या आसपास, त्यातली निम्मी चीनची. एकट्या २०२१ मध्ये त्यांनी १७ गिगावॉटच्या आसपास जोडली. त्यांना यातली कुठलीच अडचण येत नाही का?

खारा_वारा

येते, पण एकाच घरात येते. कारखाना, जहाज, बंदर, ग्रिड आणि कर्ज देणारी बँक हे सगळे एकाच धोरणाखाली असले की मधल्या वर्षांचा धोका कोणा एकाच्या अंगावर कोसळत नाही. २०२१ ची घाईसुद्धा धोरणामुळेच होती. वर्षअखेरीस केंद्राचा ठरीव वाढीव दर संपणार होता, म्हणून मिळेल ते जहाज घेऊन लोक समुद्रात उतरले.

युरोपने नेमकं उलटं केलं. जर्मनीत २०२३ मध्ये ७ गिगावॉटच्या जागांसाठी बीपी आणि टोटलएनर्जीज यांनी मिळून १२.६ अब्ज युरो मोजायची तयारी दाखवली. अनुदान तर नाहीच, उलट सरकारलाच पैसे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कने त्याच धर्तीवर अनुदानाशिवाय ३ गिगावॉटची निविदा काढली, बोली शून्य. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतच, बोली शून्य. आणि वर मी ज्या ब्रिटनबद्दल लिहिलं की कमाल भाव वाढवावा लागला, तिथेही मे २०२५ मध्ये ऑर्स्टेडने २.४ गिगावॉटचा हॉर्नसी ४ थांबवला, तो वाढीव भाव जिंकून जेमतेम आठ महिने झाले असताना.

अमेरिकेत तर धोका राजकारणाचा. रेव्होल्यूशन विंडचं ८० टक्के काम झालेलं असताना २२ ऑगस्ट २०२५ ला सरकारी आदेशाने काम थांबलं. महिन्याभराने न्यायालयाने ते पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. पण माझ्यासारख्या माणसाला पुढच्या प्रकल्पाचा हिशेब करताना तो महिना धरावाच लागतो. मग व्याज चढतं, आणि ते शेवटी विजेच्या भावात उतरतं.

वीजवाट, तुमचं वाचून मी एक गोष्ट बदलणार आहे. केबलची उपलब्धता आम्ही जोखमीच्या तक्त्यात बरीच खाली धरतो. ती वर घ्यायला हवी.

शिंपलावेचा

मच्छीमारांचीही ओळ घाला त्या तक्त्यात.

खारा_वारा

घालतो. शब्द देतो.

मुग्धा_क

एक शेवटचं विचारते. एवढं सगळं पार पडून टर्बाइन सुरू झालं, आणि भर हिवाळ्यात काहीतरी किरकोळ बिघडलं, तर?

दर्याफिरस्ता

एक प्रसंग सांगतो. जानेवारीचा महिना. एका टर्बाइनचा पात्याचा कोन मोजणारा सेन्सर गेला. पात्याचा कोन कळत नाही म्हटल्यावर टर्बाइन स्वतःहून थांबतं, तसं थांबलं. भाग एवढासा, तंत्रज्ञाच्या पाठीवरच्या पिशवीत मावणारा.

आमची बोट लहान. दीड मीटरच्या वर लाट असेल तर माणूस उतरवायचा नाही असा नियम. बोटीचं नाक खांबाच्या शिडीला रबराच्या गादीने दाबून धरायचं, इंजिन पूर्ण जोरात, आणि नाकावर उभ्या खलाशाने लाटा मोजत राहायचं. बोट वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हाच पाय शिडीवर टाकायचा. बोट खाली असताना टाकला तर पुढची लाट तिला वर आणते आणि पाय मधे सापडतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खांबापाशी लाट दोन मीटर. परत. पाच दिवसांनी निघालो, वाटेतच वारा फिरला, परत. त्यानंतर आठवडाभर बंदरच सोडता आलं नाही. तिसऱ्यांदा बोट शिडीला लागली, तंत्रज्ञाने पट्ट्याला आकडा अडकवला, पाय उचलला आणि खलाशाने हात आडवा करून थांबवलं. मलाही ती लाट दिसली नव्हती, त्याला दिसली. परत. एकोणिसाव्या दिवशी सकाळी समुद्र पाटीसारखा सपाट होता. तंत्रज्ञ वर चढला, चाळीस मिनिटांत सेन्सर बदलून खाली आला, आणि आम्ही बंदराकडे वळायच्या आत पाती फिरायला लागली होती.